ड्रायनन, सहा

चेंडू ह्यूच्या पायाशी आला तसं दीनानाथांनी अंगठ्याने घड्याळाचं बटण दाबलं.

मैदानाच्या मधोमध ह्यू ड्रायननने चेंडू तळव्याखाली थांबवला, मान वर केली, डावीकडे निघाल्यासारखं दाखवलं आणि उजवीकडे वळला. वळण देखणं होतं. पण तोवर निळ्या जर्सीतला एकजण धावत आला आणि चेंडू घेऊन गेलासुद्धा. दीनानाथांनी पुन्हा बटण दाबलं. चार भाग. मांडीवरच्या लाकडी पाटीला लावलेल्या कागदावर त्यांनी चारचा आकडा लिहिला आणि पुढे फुली मारली.

खाली कोचने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि पाठ फिरवली. ह्यू मागे पळत येताना स्टँडकडे पाहत होता. तिसरी ओळ, दिव्याच्या खांबाशेजारची जागा. त्याने कमरेपाशीच अंगठा वर केला. दीनानाथांनी पेन्सिल उचलून उत्तर दिलं.

"बाबा, ही जस्ट लॉस्ट द बॉल," शेजारी बसलेली अनुया म्हणाली. "आणि तुम्हाला थम्ब्ज अप कसला करतोय?"

"सवय आहे त्याची."

"कोचला कर म्हणावं. त्याला जास्त गरज दिसतेय."

पिअरसन विमानतळाकडे उतरणारं विमान स्टँडवरून गेलं. ते जाईपर्यंत दोघंही बोलायची थांबली. टोरोंटोच्या एटोबिको भागात राहणाऱ्या माणसांना ही सवय आपोआप लागते.

दीनानाथांच्या घड्याळाच्या तबकडीवर मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग होते. विंडसरच्या एका मोटारीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं हे घड्याळ घेऊन ते कामगारांच्या मागे उभे राहिले होते. दार बसवायला किती भाग लागतात, चार बोल्ट आवळायला किती, हे ते लिहून घ्यायचे. मग एका पाळीत किती दारं व्हायला हवीत ते वरची माणसं ठरवायची. पाटी हातात धरून ते आले की आजूबाजूचं बोलणं थांबायचं. कामगार मुद्दाम सावकाश होत. हात पुसत, पाना खाली ठेवून पुन्हा उचलत. कोण किती वेळ चोरतो आहे ते ओळखायचं आणि तेवढा वजा करायचा, ही त्यांची विद्या होती. त्यात ते बरे होते, असं निवृत्तीच्या दिवशी कोणीतरी म्हणालं होतं. कँटीनमध्ये मात्र त्यांच्या टेबलाशी कोणी बसत नसे. घरी त्यांनी हे कधी सांगितलं नाही. पत्नी नीलिमाताई डब्यात दोन लाडू द्यायच्या, एक शेजारी बसेल त्याला म्हणून. दुसरा लाडू रोज परत यायचा, त्यावरून त्यांना ते कळलं होतं. पुढे त्या एकच देऊ लागल्या.

निवृत्तीनंतर दोघं मुलीच्या जवळ म्हणून एटोबिकोला आली. घराचं बेसमेंट रिकामं होतं. २००८च्या एप्रिलमध्ये, अंगणातला शेवटचा बर्फ काळा पडत असताना, ह्यू तिथे राहायला आला. त्याच्याकडे दोन बॅगा आणि बुटांचं एक जुनं खोकं होतं.

तो चौतीस वर्षांचा होता. सतराव्या वर्षी ग्लासगोजवळच्या एका लहान गावाच्या क्लबात लागला आणि तेव्हापासून नऊ क्लब फिरला होता. बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतले. मध्येच अर्धा हंगाम वरच्या श्रेणीत, तिथे सात सामने. एकूण चारशे बारा सामने आणि नऊ गोल. आता टोरोंटोच्या कडेच्या या छोट्या क्लबात, जिथे सामन्याला तीनशे माणसं आली तर गर्दी म्हणत. त्याची जागा मधल्या फळीत होती. मागच्याकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. टाळ्या पुढच्याला मिळत, शिव्या मागच्याला.

खोक्यात त्याच्या आईने जमवलेली कात्रणं होती. एकदा त्याने ती दीनानाथांना दाखवली होती. एका फोटोत त्याचा खांदा आला होता. बाकी कात्रणांत बातमीच्या शेवटी खेळाडूंची यादी आणि प्रत्येकापुढे दहापैकी गुण. दीनानाथांनी वीस-बावीस कात्रणं उलटून पाहिली. ड्रायनन, सहा. ड्रायनन, सहा. एके ठिकाणी पाच होते. पुन्हा सहा.

"एकदा मी एका वार्ताहराला विचारलं, सहा म्हणजे काय," ह्यू म्हणाला होता. "तो म्हणाला, सहा म्हणजे तू मैदानात होतास यावर माझा विश्वास आहे."

तो हसला होता. दीनानाथांना हसावं की नाही ते ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी कात्रणं तारखेप्रमाणे लावून परत दिली होती.

मे महिन्यात ह्यूने घरमालक म्हणून त्यांना फुकट पास आणून दिला. दीनानाथांना फुटबॉल कळत नव्हता. जे कळत नाही ते मोजावं, एवढंच त्यांना येत होतं. पहिले चार सामने त्यांनी पाटीवर वर्तमानपत्र पसरून, त्याच्या आड घड्याळ धरून मोजलं. ह्यूकडे चेंडू किती वेळा आला, आपल्या माणसाकडे नीट किती वेळा गेला, आणि मधे किती वेळ त्याच्या पायाशी राहिला. जूनमधल्या एका रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी त्यांनी चार कागद पुढे केले आणि तुझी परवानगी घ्यायला हवी होती, असं काहीसं पुटपुटले.

ह्यूने पहिला कागद बराच वेळ वाचला.

"साठ?" त्याने विचारलं.

"चौसष्ट वेळा आला. साठ वेळा नीट गेला."

"आणि हे दोन?"

"सरासरी. मिनिटाचे शंभर भाग केले तर दोन भाग चेंडू तुझ्याकडे असतो. सेकंदाहून थोडा जास्त. चारही सामन्यांत दोनच. अशी एकसारखी नोंद मी कारखान्यात फारशी पाहिली नाही."

ह्यूने कागदाची घडी घातली. "हा मी ठेवू?"

तो कागद कात्रणांच्या खोक्यात गेला. पुढच्या शनिवारपासून ह्यू मैदानात उतरला की आधी तिसऱ्या ओळीकडे पाहायचा. दीनानाथांनी वर्तमानपत्र नेणं सोडलं. रविवारी सकाळी ह्यू जिना चढून वर यायचा, नीलिमाताई त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवायच्या, आणि बसायच्या आत तो विचारायचा, "किती?" घड्याळ घेऊन आलेल्या दीनानाथांना पाहून एखाद्याला आनंद व्हावा, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. शनिवारी ते दुपारपासूनच बूट घालून बसत.

त्या चार भागांच्या सामन्यानंतरच्या रविवारी मात्र ह्यूने किती असं विचारलं नाही. पोह्यांतली मिरची बाजूला काढत तो म्हणाला, "कोच म्हणतो, मी संथ झालो."

दीनानाथांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"हंगाम संपला की माझा करार संपतो. ऑक्टोबरात इथे काम करायचं परमिट संपतं. त्याने सांगितलंय, शेवटची मॅच पूर्ण खेळवतो, ती बघून पुढच्या वर्षाचं ठरवतो."

"नाही म्हणाला तर?"

"मेहुण्याचं टाइल्सचं दुकान आहे. गोदामात एक माणूस हवाय त्याला." ह्यूने मिरच्यांची ओळ लावली. दीनानाथ हे नाव त्याच्या तोंडी डीन झालं होतं. "डीन, तुमच्याकडे सगळं लिहिलेलं आहे. त्याला दाखवा ना. दोन भाग. साठ पास. आकड्यांपुढे तो काय बोलेल?"

"सरासरी अजून काढायची आहे," दीनानाथ म्हणाले.

हे खरं नव्हतं. सरासरी ते दर शनिवारी घरी येऊन, कोट काढायच्या आत काढत असत.

सोमवारी दुपारी त्यांनी आलेखाचा कागद घेतला आणि सगळे सामने त्यावर मांडले. पहिले चार ठिपके एका रेषेत, दोनवर. मग चढ. अडीच, तीन, सव्वातीन. कालपरवाचा साडेतीनला टेकलेला. वय. उजवा गुडघा. थकवा. कारखान्यात ते थकव्यासाठी शंभरामागे दहा भाग सोडून देत असत. इथे दहा सोडून भागणार नव्हतं. हा कागद कोचला दाखवणं म्हणजे ह्यूला विमानात बसवणं होतं. दीनानाथांनी पेन्सिल खाली ठेवली आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

समोर नीलिमाताई मेथी निवडत होत्या.

"हा एकटा का खाली आलाय?" त्यांनी देठ मोडता मोडता विचारलं.

चढणाऱ्या ठिपक्यांमधला एक ठिपका दोनवर होता. जुलैमधला. दीनानाथांनी तारीख पाहिली.

"त्या दिवशी अनुयाची गाडी हायवेवर अडकली होती. उशीर झाला. आपल्या बाजूचं गेट बंद केलेलं, म्हणून समोरच्या बाजूला बसलो, पाहुण्या संघाच्या लोकांत."

"त्याला दिसलात?"

"नाही. घरी आल्यावर विचारत होता, आला नव्हतात का म्हणून."

"आणि हे पहिले चार?"

"तेव्हा त्याला माहीतच नव्हतं, मी मोजतोय ते."

"मग झालं तर," नीलिमाताई म्हणाल्या आणि पुढची जुडी सोडली.

दीनानाथ आलेखाकडे पाहत राहिले. पाहणाऱ्यासमोर माणूस सावकाश होतो हे त्यांना जितकं माहीत होतं तितकं कोणाला नसेल. पण ती लबाडी असायची. तिचे वीस प्रकार त्यांना पाठ होते आणि प्रत्येकाची वजाबाकी ठरलेली होती.

"पण त्याने मुद्दाम का हळू खेळावं?" ते म्हणाले. "त्याचंच नुकसान आहे."

"मुद्दाम कशाला? अहो, मी स्वयंपाक करताना गुणगुणत असते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात की ओळ लांबवते की नाही?"

"लांबवतेस?"

"चाळीस वर्षं लांबवतेय." त्यांनी चाळणी उचलली. "तुम्ही कधी मोजलं नाहीत, म्हणून बरं."

तो आठवडा दीनानाथ सांगायचं कसं ते जुळवत होते. सांगितलं तर ह्यू शेवटच्या सामन्यात स्वतःच भाग मोजत बसेल, ही एक भीती. आणि आपलं हे सगळं अनुमान एका ठिपक्यावर उभं आहे, ही दुसरी. एका नोंदीवरून निष्कर्ष काढणाऱ्या नव्या मुलांना त्यांनी विंडसरमध्ये परत पाठवलं होतं. खरंच गुडघा असला तर? बुधवारी ते बेसमेंटच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. शुक्रवारी संध्याकाळी ह्यूच वर आला. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली होती, आणि फ्रीजमधून त्याला आणखी बर्फ हवा होता.

"ह्यू, उद्याचं..." दीनानाथांनी सुरुवात केली.

"तिसरी ओळ," ह्यू म्हणाला. "मी आज रखवालदाराला सांगून ती फळी पुसून घेतलीय. पक्षी फार बसतात तिथे." तो बर्फ भरत होता, पाठ दीनानाथांकडे होती. "माझी आई एकदाही आली नाही, माहितेय? तिच्याने पाहवायचं नाही. ती कात्रणं कापायची. सतरा वर्षं मी वर बघितलंच नाही, डीन. बघून काय करायचं होतं?"

दीनानाथांनी टेबलावरचं मीठ उचलून पुन्हा तिथेच ठेवलं.

"उद्या मला जमणार नाही," ते म्हणाले.

ह्यू वळला.

"मंडळाचा गणपती आहे. खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे असतं."

"शेवटची मॅच आहे."

"हो."

"खुर्च्या दुसरं कोणी मांडणार नाही?"

"ठरलेलं असतं ते."

पिशवीतून पाण्याचे दोन थेंब फरशीवर पडले. ह्यूने ते पायमोज्याने पुसले. "बरोबर आहे," तो म्हणाला. "देवाचं काम." तो एकेक पायरी सावकाश उतरत गेला. दीनानाथांनी पायऱ्या मोजल्या नाहीत.

शनिवारी त्यांनी नीलिमाताईंना मंडळाच्या हॉलवर सोडलं. आत खुर्च्या आधीच मांडलेल्या होत्या. तिथे दर वर्षी ते काम हॉलची माणसंच करत.

"जा," नीलिमाताई गाडीतून उतरताना म्हणाल्या. "आरतीपर्यंत या. आणि टोपी घाला, तुमचं टक्कल लांबून ओळखू येतं."

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला बर्फाच्या हॉकीचा रिंक होता आणि त्याच्यामागे गाड्या लावायची जागा. दीनानाथांनी गाडी तिथे लावली. घड्याळ सवयीने खिशात आलं होतं. त्यांनी ते काढून गाडीच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला. मैदानाच्या जाळीला हिरवं कापड बांधलेलं होतं. एका खांबापाशी ते वीतभर फाटलं होतं. टोपी खाली ओढून दीनानाथ तिथे उभे राहिले. मैदानाची एक पट्टी तेवढी दिसत होती.

खेळ सुरू होण्याआधी ह्यू त्या पट्टीत आला. त्याने समोर स्टँडकडे पाहिलं. दिव्याचा खांब, त्याशेजारची रिकामी फळी. त्याने नजर काढून घेतली, वाकून पायमोजे वर ओढले आणि नंतर दीड तासात पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

पहिला चेंडू आला. दीनानाथ मनातल्या मनात एक म्हणायला लागले आणि शब्द पुरा व्हायच्या आत चेंडू निघून गेला होता. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. कोटाच्या खिशात त्यांचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला, मग दुसऱ्या. बोटांची बारा पेरं संपली की ते पुन्हा करंगळीपासून सुरुवात करत. थोड्या वेळाने त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. ह्यूकडे पाहायचं ठरवूनही नजर चेंडूमागे जात होती. चेंडू इतक्या लवकर पुढे जायचा की तो कोणी दिला हे पाहायचं राहून जायचं. चांगला खेळत असताना तो दिसतच नव्हता.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा पेरं तीन वेळा पुरी होऊन वर दहा झाली होती. फटीतून दिसले ते नीट गेलेले चेंडू सेहेचाळीस. कोच हसत होता का, हे तिथून दिसलं नाही. दीनानाथ आरतीला पोचले तेव्हा कापूर विझत आला होता.

रविवारी सकाळी ह्यू वर आला. नीलिमाताईंनी पोह्यांऐवजी मंडळातून आणलेला मोदक पुढे ठेवला. तो त्याने आधी फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"सही झाली," तो म्हणाला. "एक वर्ष."

"वा," नीलिमाताई म्हणाल्या. "गणपती पावला."

"अभिनंदन," दीनानाथ म्हणाले. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण ते किटली आणायला उठले.

"कोच म्हणाला, मे महिन्यातला ड्रायनन परत आला. मी म्हटलं, तो कुठे गेला होता?" ह्यूने मोदक फोडला. "काल छान झालं, डीन. तुम्हाला आवडलं असतं. खरं म्हणजे तुम्ही नव्हतात म्हणून मी म्हटलं, चला, आज आपलं उरकून टाकू. कोण बघतंय. आणि सगळं बरोबर होत गेलं." तो थांबला. "नेमकं काल."

"हो," दीनानाथ म्हणाले. "नेमकं."

"पुढच्या वर्षी मात्र पहिल्या मॅचपासून. चालेल?"

दीनानाथांनी चहा ओतला. कप भरल्यावरही किटली थोडा वेळ हातातच राहिली.

"पायऱ्या चढवत नाहीत आता," ते म्हणाले.

"तिसरी ओळ म्हणजे तीन पायऱ्या, डीन."

"हो. त्याच."

ह्यूने त्यांच्याकडे पाहिलं. मग नीलिमाताईंकडे. त्या ओट्याकडे वळून कप विसळत होत्या आणि काही गुणगुणतही नव्हत्या. ह्यूने टेबलावरची सामन्यांच्या नोंदींची वही स्वतःकडे ओढली. शेवटच्या पानावर तारीख आणि समोरच्या क्लबाचं नाव दीनानाथांनी आठवडाभर आधीच लिहून ठेवलं होतं. पुढचा रकाना मोकळा होता.

"हे रिकामं बरं दिसत नाही," तो म्हणाला. त्याने पेन्सिल घेतली, मोकळ्या रकान्यात सहाचा आकडा काढला, आणि आपल्याच विनोदावर थोडंसं हसून चहा घेऊन खाली गेला.

दीनानाथ वही पुढ्यात घेऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या नोंदींत दुसऱ्या कोणाचं अक्षर आलं नव्हतं. खोडरबर हाताशी होतं. त्यांनी ते बाजूला सारलं, बेसमेंटचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत वाट पाहिली, आणि सहाच्या डाव्या अंगाला, पेन्सिल फारशी न दाबता, चारचा आकडा लिहिला. मग वही मिटून विंडसरच्या जुन्या कागदांखाली ठेवून दिली.